एसटीच्या खिडकीतला महाल

आई, परवा तुझ्या नातीचा पुण्याहून फोन आला. तिच्या ऑफिसातल्या मैत्रिणी एका दिवसासाठी नगरला यायच्या आहेत, तर काय बघायचं आणि कुठं खायचं ते सांग म्हणाली. मी सुरूच झाले. किल्ल्यात जायचं तर आधार कार्ड जवळ ठेवा, तो लष्कराच्या ताब्यात आहे, गेटवर विचारतात. रणगाड्यांचं संग्रहालय सकाळीच बघून घ्या, दुपारी त्या लोखंडाजवळ उभं राहवत नाही. मिसळ खायची तर माळीवाड्याच्या बाजूला, पण लवकर जा, उशीर झाला की तर्री संपते आणि नुसतं तांबडं पाणी वाढतात. कापडबाजारात भाव करा, लाजू नका. आणि उन्हं उतरली की महालावर जा. पोरगी हसायलाच लागली. म्हणाली, एवढं सगळं सांगितलंस, पण घरी जेवायला या असं काही तुझ्या तोंडून निघालं नाही. मी म्हटलं, निघणारही नाही. तिला वाटलं आई आता आळशी झाली. तिला कुठून कुठून सांगत बसू? हे खरं तर तुलाच सांगायचं आहे, म्हणून दुपारची झोप सोडून लिहायला बसलेय.

आपल्याकडची रीत तुला काय सांगायची, तुझं सगळं आयुष्य तिच्यात गेलं. नगरात सख्खी नणंद असताना हॉटेलात जेवायचं म्हणजे तिच्या तोंडाला काळं फासण्यासारखं. लग्नाचा बस्ता असो, कोर्टाची तारीख असो, दवाखाना असो, एसटीतून उतरलं की आधी आत्याचं घर. दिल्ली दरवाज्याच्या आतल्या त्या बोळात पिशव्या टेकवायच्या, चहा व्हायचा, मग अण्णा एकटे कामाला निघून जायचे आणि आपण दोघी आत्याच्या स्वयंपाकघरात. तू पोळ्या लाटते म्हणायचीस, आत्या तुला हात लावू द्यायची नाही, तू पाहुणी. शेवटी तडजोड म्हणून तुझ्यापुढं लसूण यायचा. मी तुझ्या मांडीला टेकून बसलेय, आत्या चुलत्या-मालत्यांची सगळी खबर घेतेय, बाहेर बोळातून कुल्फीवाला ओरडत चाललाय आणि तू मान न उचलता सोलतेयस. जेवणं उरकून, भांडी होऊन, पुन्हा चहा होऊन, ओटी भरून होईपर्यंत परतीच्या गाडीची वेळ झालेली असायची. इतक्या खेपा झाल्या, पण तू नगर म्हणून जे बघितलंस ते एक बसस्टँड, एक बोळ आणि एक ओटा.

आणि लांबून तो महाल. करंजीचा घाट मागे पडला की तुला डुलकी लागत नसे. डोंगरावरचा चांदबिबीचा महाल दिसायला लागला की तू मला उठवायचीस, खिडकीची काच वर सरकवायची खटपट करायचीस, आणि तो दिसेनासा होईपर्यंत बोलत राहायचीस. वर बसून राणी सगळं नगर बघत असेल, तिला उकडत म्हणून नसेल, आणि बाईचं नशीब बघ, जेवायलासुद्धा आयतं वर येत असेल. एकदा आपण दोघींनीच जायचं, असं तू म्हणायचीस. तेही घरचा डबा घेऊन नाही. हॉटेलातली गरम भजी कागदात बांधून न्यायची, वर वाऱ्यात बसून खायची आणि कुणाचं एक भांडं घासायचं नाही. पुढच्या सीटवर अण्णा असायचे. त्यांना ऐकू जायचं की नाही कोण जाणे.

शेवटच्या खेपेला तुला दाखवायला आणलं, तेव्हा डॉक्टरांनी अण्णांना एकट्यालाच आत बोलावलं. तू आणि मी बाहेरच्या बाकावर. मी तेव्हा नववीत होते, अगदीच कळत नव्हतं असं नाही. अण्णा बाहेर आले, गोळ्या बदलून दिल्यात म्हणाले, आणि आपल्या पुढं चालायला लागले. ते कधी असे पुढं चालायचे नाहीत. तिथून आत्याकडं. आत्यानं पुरणाचा घाट घातला होता, वहिनी आजारी आहे, तोंडाला चव नाही, गोडाधोडाचं खाऊ दे म्हणून. मला तिनं दूध आणायला पाठवलं. परत आले तर तू नेहमीच्या जागी लसूण सोलत बसलेली. त्या संध्याकाळी गाडीत तू मला उठवलं नाहीस, कारण मी जागीच होते. महाल आला, गेला, तू डोळे मिटून बसली होतीस. दिवाळीच्या आधीच तू गेलीस.

माणसाला राग काढायला कुणीतरी लागतं. अण्णांवर काढावा तर ते तसेच अर्धे झालेले. मग मी आत्याला धरलं. हिनंच माझ्या आईला आयुष्यभर ओट्याशी बसवून ठेवलं, शेवटच्या दिवशीसुद्धा पुरण शिजवत बसली, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं. पुढं नगरातलंच स्थळ आलं, सावेडीला संसार झाला, आत्या रिक्षानं दहा मिनिटांवर, पण मी हळदीकुंकू आणि मयत याशिवाय तिची पायरी चढले नाही. पुरणपोळी तर तिच्या हातची कधीच खाल्ली नाही. आणि आपल्या गावाहून माझ्याकडं जी जी बाई आली, तिच्या पिशव्या दारात ठेवून घेतल्या आणि तिला तशीच रिक्षात घातली. किल्ला दाखव, भेळ खाऊ घाल, बाजारातून हिंडवून आण. गावात माझं नाव झालंय, हिच्याकडं गेलं की पोटाला न्हाई, पायाला काम. झालं तर झालं. पण एक सांगते, महालावर मी कुणालाच नेलं नाही. खालून बोट करून दाखवायची आणि रिक्षा वळवायला लावायची. तुझ्याआधी आपण कसं जायचं, असं काहीतरी खुळ्यासारखं वाटायचं.

यंदा आत्याच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मुलगा चिंचवडला, त्याला सुट्टी नाही, म्हणून मला न्यावं लागलं. ऐंशीच्या पुढची बाई, वाळून काटकी झालीय, पण बोलणं तसंच. पट्टी काढल्यावर रिक्षात बसलो, मी तिच्या बोळाचा पत्ता सांगायला लागले, तर तिनं माझा हात धरला. घरी नको, मला महाल दाखव म्हणाली. तिनं दुसरीकडं बघतच सांगायला सुरुवात केली.

"तुजी आई मला म्हनली हुती त्या दिवशी. वन्सं, रिक्षा करू आन् दोघीच जाऊन येऊ. मी म्हनलं, वहिनी, पुरन शिजत टाकलंय, फुडच्या खेपंला जाऊ. ती बरं म्हनली. मला कुनी सांगितलं न्हवतं गं. तुज्या बापानं बी न्हाई, तिनं बी न्हाई. कळलं आस्तं तर चूल इजवून उठले आस्ते मी."

आई, तू मागितलं होतंस. मला वाटत होतं तू कधी तोंड उघडलंच नाहीस, सगळं मनात ठेवून गेलीस. तू मागितलं होतंस आणि तुला मायेनंच नाही म्हटलं गेलं. आता मी कुणावर रागावू? इतकी वर्षं आत्या हे एकटीच घेऊन बसली होती, आणि मी तिच्या दारावरून मान वर करून जात होते. मी तिला विचारलं, मग इतक्या वर्षांत तू तरी का नाही गेलीस बघायला? म्हणाली, कधी जानार, कोन ना कोन जेवाय यायचंच. लग्नापासून नगरातच असलेल्या, माहेरीही क्वचितच निघालेल्या त्या बाईनं महाल तुझ्याएवढाही बघितलेला नव्हता. तुला एसटीची खिडकी तरी होती.

डोळ्यात धूळ जाऊ द्यायची नव्हती, म्हणून आठवडाभर थांबलो आणि मग गेलो. रिक्षा पार वरपर्यंत जाते आता. जवळ गेल्यावर तो काही राजवाड्यासारखा वाटत नाही, दगडी, उंच, आठ कोनांचा, आत थंडगार आणि रिकामा. पोरंपोरी फोटो काढत होती. तिथल्या माणसानं सांगितलं, इथं राणीबिणी कुणी राहत नव्हती, एका सरदाराची कबर आहे ही, खाली तळघरात आहे, लोक उगाच महाल म्हणतात. आत्यानं ते ऐकलं, चपला काढल्या, पदर डोक्यावरून घेतला. "मेलेल्या मान्साची जागा हाय व्हय," एवढंच म्हणाली. मला मात्र आवरेना. उकडत नसलेली ती राणी, वर येणारं ते आयतं जेवण, सगळं तू आपल्या मनानं रचलं होतंस, आणि तिथं मुळात कुणी जिवंत माणूस नव्हतंच. मी कमानीत उभी राहून लहान पोरीसारखी रडले. खालून आपल्या गावाच्या वाटेनं, पाथर्डीकडं एसटी चालली होती. आत्या माझ्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली, समजूत घालायच्या भानगडीत पडली नाही. मग म्हणाली, चल, मला भूक लागलीय.

खाली उतरून रस्त्यावरच्या एका हॉटेलात शिरलो. आत्याच्या आयुष्यातलं पहिलं हॉटेल. ती आधी खुर्चीवर मांडी घालून बसली. वेटर पाणी घेऊन आला तर त्याला विचारलं, तू जेवलास का रं? तो नाही म्हणाला, तर याला न जेवता आपण कसं खायचं म्हणून अडून बसली. भजी आली, तर ओवा कमी पडलाय हे आत जाऊन आचाऱ्याला सांगून आली. आम्ही थांबवेपर्यंत रिकाम्या बशा घेऊन मोरी शोधत निघालीसुद्धा. मालक हात जोडून म्हणाला, आजी, राहू द्या, आम्ही धुतो. ही त्याला म्हणते कशी, कसं धुता ते दिसतंय मला, नवा डोळा हाय. मी हसून हसून टेबलावर डोकं टेकलं. ती पण हसायला लागली, बोळकं तोंड उघडून, डोळ्याला पदर लावत. मग आम्ही अजून एक प्लेट मागवली, त्यावर चहा घेतला, परतताना भिंगारला थांबून उसाचा रस प्यायलो, आणि रिक्षात आत्यानं मला तिच्या सासूच्या एकेक खोड्या सांगितल्या. घरी येऊन मी साडी बदलली, अंथरुणावर पाठ टेकली, आणि मग एकदम थांबले. हॉटेलात पाऊल टाकल्यापासून मला तुझी आठवण आली नव्हती. भजी खातानासुद्धा नाही. कागदात बांधून वर न्यायची होती, हे घरी आल्यावर सुचलं. आई, मला फार मजा आली गं. इतकी मजा मला कितीतरी वर्षांत आली नव्हती.

हे पत्र कुठं पाठवायचं नाहीच, कपाटात साड्यांच्या खाली जाईल. आत्यालाही दाखवणार नाही. ती आल्यागेल्याला सांगत असते, पोरीनं आईची इच्छा पुरी केली, सगळा वेळ तिचंच नाव हुतं तोंडात. मी तिथं बसलेली असते आणि मान हलवते.