शेवटच्या ट्रकमधलं डांबर

प्रिय ओलावी,

फाटकापासून आपल्या दारापर्यंत डांबर घालायला वर्षातली सगळ्यात चांगली वेळ कोणती, असं तू दोन आठवड्यांपूर्वी फोनवर विचारलंस. चार वर्षं रस्तेबांधणी शिकले, आपल्या घरातली पहिली पदवी भिंतीवर टांगली, आणि तरी मला त्याचं उत्तर देता आलं नाही. पुस्तकातलं उत्तर तुलाही ठाऊक आहे: जूनचा शेवट. जमिनीत मुरलेला बर्फ पुरता वितळलेला, माती सुकलेली, आणि दाबून होईपर्यंत डांबर गरम राहील अशी हवा. "मग जूनलाच करू, मीही सुट्टी घेऊन येतो," म्हणालास आणि फोन ठेवलास. मी मात्र बाहेर जाऊन फाटकापर्यंतची ती खडी पायाने दाबून पाहिली.

बाबांची रीत आठवते ना? खडी पसरली की निदान एक हिवाळा तिला बसू द्यायची, मग वर डांबर. अर्ध्या थंडर बे शहराच्या दारांत त्यांनी रस्ते घातले आणि आपल्या दारात "अजून एक हिवाळा बसू दे" म्हणता म्हणता स्वतःच गेले. आई चिडवायची, "हा माणूस खडी उबवतोय. निघतील एक दिवस पिल्लं."

सप्टेंबरात तिला न्यायला इस्पितळाची गाडी आली, तेव्हा स्ट्रेचरची चाकं त्याच खडीत रुतली. दोघांनी तिला उचलून फाटकापर्यंत नेलं. शेजारी बघत होते. "मी काय सोफा आहे का रे?" असं ती हसून म्हणाली खरी, पण तोंड शालीत लपवलं होतं. आता तिला घरी यायचं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसून कॉफी प्यायची होती, अंगणातली सौनाची वाफेची खोली एकदा तापवून हवी होती. अट एकच: "चाकांच्या खुर्चीतून येईन. उचलून नाही."

तुला एक सांगितलं नव्हतं. ऑक्टोबरात रेइनोकाकांनी चर्चच्या हॉलसमोर थंडीत डांबर घातलं, आणि नगरपालिकेची तपासनीस म्हणून मी ते उखडायला लावलं. बाबांबरोबर जन्मभर डांबर घातलेल्या माणसाचं काम! पण गारठ्यात डांबर नीट दाबलं जात नाही, आत पाणी शिरतं, गोठतं, फुटतं. मी चुकले नव्हते, आजही तेच करीन. तेव्हापासून मी दिसले की काका पाठ फिरवायचे.

गेल्या गुरुवारी डांबराचा प्लांट हिवाळ्यासाठी बंद व्हायचा होता. शेवटच्या दिवसाचा शेवटचा ट्रक कामगारांपैकी एकाच्या घरी जातो, पाळीपाळीने. यंदा पाळी काकांची. आदल्या दिवशी मी त्यांच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काय थर्मामीटरबाई, आज किती?"

"तीन अंश."

"आणि पुस्तकात?"

"दहा."

"मग इथे काय करतेयस?"

मी आईचं सांगितलं. सगळं. तुला अजून सांगितलं नव्हतं तेही. काका बुटाची नाडी बांधत राहिले, एकच नाडी, कितीदा तरी. मग म्हणाले, "तुझ्या बापाची खडी बावीस हिवाळे बसलीये. वरचा थर फुटेल, खालचं हलायचं नाही. ट्रक तुझ्या दारी पाठवतो. दाताळं धरता येतं का गं, की नुसती पदवीच आहे?"

रोलर ट्रकच्या आधी येऊन उभा होता. डांबर वाफाळत पडलं. "ओढ पोरी, विचार नंतर कर!" काका ओरडत होते, मी ओढत होते, आणि डोळ्यांदेखत ते निवत होतं. हातांना अजून फोड आहेत.

मग मीच ते तपासलं. नापास. कडा भुरभुरतात, मधे एक उंचवटा राहिलाय. दुसऱ्या कुणाचं असतं तर उखडायला लावलं असतं. रविवारी आई त्यावरून घरी आली. चाकं कुठेही अडली नाहीत. दाराशी पोहोचल्यावर म्हणाली, "आता परत फाटकापर्यंत ने मला. आणि पुन्हा आण."

ओलावी, हा रस्ता दोन हिवाळे टिकेल. डॉक्टर एकाच हिवाळ्याचं बोललेत, आणि तोही पुरता नाही. "त्याला नको सांगूस, काम टाकून धावत येईल. जूनमध्ये येणारच आहे तो," असं म्हणून आईने माझ्याकडून वचन घेतलं होतं. तुझ्याशी बोलताना प्रत्येक वेळी मी ते पाळलं, आणि जून म्हटलं की गप्प झाले. आज मोडलं. अल्बर्टाहून इथलं एकोणीस तारखेचं तिकीट तुझ्या नावाने काढलंय. या पाकिटातच आहे.

तुझीच,
आइला