लाभपाचमेपर्यंत वेळ आहे

१५ जानेवारी
वासी उत्तरायण, संक्रांतीचा दुसरा दिवस. अख्खी सोसायटी गच्चीवर पतंग उडवतेय आणि मी खाली येऊन लिहितेय, कारण आज ठरलं. झंखनाचं बाळ माझ्या पोटात वाढणार. सख्ख्या धाकट्या बहिणीसाठी एवढं नाही करायचं तर कुणासाठी?

तीन वर्षांपूर्वी तिचं मूल गेलं आणि पिशवीही काढावी लागली. आणंदच्या दवाखान्यात तिचे नि तिच्या नवऱ्याचे दोन गर्भ गोठवून ठेवलेत. दोनच. आता तिसरा मिळणार नाही, असं डॉक्टरबेननी स्पष्ट सांगितलंय.

अटी विचारून घेतल्या. बाई लग्न झालेली हवी. आहे. स्वतःचं मूल हवं. ध्वनि नऊ वर्षांची आहे. नवऱ्याची संमती हवी. परिमल म्हणाला, विचार करून सांगतो. विचार तर मीच करते या घरात! शेवटची अट, पस्तीस पूर्ण व्हायच्या आत गर्भ ठेवला गेला पाहिजे. मला पस्तीस लाभपाचमेला होतात, म्हणजे दिवाळीनंतर. भरपूर वेळ. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे, पण तो बापूजींचा उद्योग. मला साडेचार वर्षांचीच असताना पाचची सांगून शाळेत बसवलं. आमच्या वर्गात निम्म्या पोरांचा वाढदिवस १ जूनलाच होता. त्या कागदाला कोण विचारतं? लाभपाचमेला दुकानाची पूजा अर्धी टाकून बापूजी सुईणीला आणायला धावले, हे माझी बा अजून सांगते.

२ फेब्रुवारी, सकाळी ६
वजन ७४. असं डॉक्टरबेनसमोर जायचं म्हणजे नाक कापून घेणं. टार्गेट ६६, एका महिन्यात. मग टेस्ट.

झंखनाला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, बेन, वजनाचं त्या काही बोलल्याच नाहीत, तू नुसती ये. टेस्ट, मंजुरी देणारं मेडिकल बोर्ड, कोर्टाचा कागद, सगळं धरून तीन महिने जातात गं. मी म्हटलं, तू काळजी सोड. मी जाईन ती एका झटक्यात पास होऊन येईन.

२० फेब्रुवारी
चालणं सुरू, शेजारच्या कोकिळाबेनबरोबर. तळ्यापर्यंत जायचं नि परत. परतीच्या वाटेवर मेथीच्या गोट्यांची, गरम भज्यांची गाडी लागते, त्याला मी काय करू? तीनच खाल्ले. चालून आल्यावर खाल्लेलं अंगी लागत नाही, असं कोकिळाबेन म्हणतात. त्यांचं वजन ९१ आहे.

१४ मार्च
वजन ७५. आमची फरशी तिरकी आहे. काटा स्वयंपाकघरात नेला तर साडेपंच्याहत्तर. देवघराच्या कोपऱ्यात ७४ दाखवतो. तो कोपरा पक्का केला.

संध्याकाळी झंखना न सांगता आली. माझ्या नावाची निळी फाइल घेऊन. म्हणाली, दाखला नि आधार तरी दे, नोंद करून ठेवते. मी म्हटलं, आधी मी फिट होते, कागद शेवटी. तिने फाइल पिशवीत ठेवली. मग ध्वनिच्या केसांना तेल लावत बसली. तासभर! एवढंसं डोकं ते.

ती गेल्यावर परिमलने विचारलं, तोरल, तू घाबरलीस का? मी? ध्वनिच्या वेळी मी वीस तास कळा काढल्या, तेव्हा हा बाहेर चहा पीत होता. आणि मला घाबरलीस का विचारतो!

२२ एप्रिल
अखात्रीज, म्हणजे अक्षय्य तृतीया. एवढा शुभ दिवस, आज आणंदला जायचंच होतं. नेमकी आंब्यांची पेटी आली. तयार आंबे, ठेवले असते तर सडले असते. आता सोमवारी नक्की.

१२ मे
तो सोमवार राहिला. मामेसासऱ्यांकडे वास्तुशांत निघाली. पुढचाही राहिला. झंखना हल्ली फोनवर आधी माझी तब्येत विचारते, मग हवा विचारते आणि मग नुसती थांबते. तिने असं थांबू नये. माझी धडधड वाढते. धडधडीने बीपी वाढतं. म्हणजे टेस्ट पुन्हा पुढे.

१ जून
सकाळी सातला बँकेचा मेसेज, वाढदिवसाच्या शुभेच्छा. मग विमावाल्यांचा. मग मोबाइल कंपनीचा. खूप हसले. परिमललाही दाखवले, तो हसला नाही. त्याला विनोद कळत नाही. बँकेच्या नावाने आमरस-पुरी केली. उद्यापासून बंद.

झंखनाचे तीन फोन. डॉक्टरबेन विचारतात, तुमची बहीण येणार आहे की नाही? मी म्हटलं, अगं, लाभपाचमेला अजून पाच महिने पडलेत. ती रडायला लागली. मला तिचं रडणं सहन होत नाही. फोन ठेवला.

१ जुलै
उपाय सापडला! जया-पार्वतीचं व्रत. पाच दिवस मीठ वर्ज्य. बीपी खाली, वजन खाली, वर पार्वतीमाता प्रसन्न. हे आधी कसं सुचलं नाही? झंखनाला सांगितलं, दहा तारखेला तूच घ्यायला ये. ती दोनदा म्हणाली, नक्की ना, बेन?

३ जुलै
अळणी पोळी घशाखाली उतरत नाही. ध्वनिच्या पाकिटातले वेफर घेतले, पण एकेकावरचं मीठ पदराने पुसून. व्रत मोडलं नाही.

१० जुलै, दुपारी १
आणंद. पास! बीपी १२६/८२. सोनोग्राफी छान, रक्त छान. मनाची तपासणी करणाऱ्या बेननी विचारलं, बाळ देऊन टाकताना काय वाटेल? मी म्हटलं, ज्याचं त्याला द्यायचं, त्यात काय? वजन ७४. डॉक्टरबेननी नुसतं लिहून घेतलं. मी म्हटलं, आठ किलो उतरवायचे राहिले. त्या म्हणाल्या, तुम्हाला कुणी सांगितलं उतरवायला?

झंखना बाकावर बसून माझा हात सोडेना. आता फक्त खिडकीवर कागद द्यायचे.

१० जुलै, संध्याकाळी
खिडकीवरच्या बेननी दाखला पाहिला, आधार पाहिलं, पुन्हा दाखला पाहिला. म्हणाल्या, बेन, तुम्हाला पस्तीस गेल्या महिन्यातच पूर्ण झाली.

मी सगळं सांगितलं. बापूजी, शाळा, लाभपाचम, सुईण. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, माझीही १ जूनच आहे, बेन. पण बोर्ड कागद बघतं. दाखला बदलून आणते म्हटलं, तर म्हणाल्या, त्याला वर्षं लागतात आणि तोवर तुमची लाभपाचमही जाईल.

डॉक्टरबेन बाहेर आल्या. जानेवारीत आला असतात तर एप्रिल-मेमध्ये काम झालं असतं, एवढंच बोलल्या.

गाडीत झंखना रडली नाही. नडियादचा फाटा आला तेव्हा म्हणाली, मार्चमध्ये माझी नणंद तयार होती. मीच नको म्हटलं. माझी बेन आहे म्हटलं. आता तिलाच दिवस गेलेत.

मी पाण्याची बाटली पुढे केली. ती म्हणाली, बेन, भीती वाटत होती तर सांगायचं होतंस ना. मी रागावले नसते.

११ जुलै
ही वही कुणी वाचत नाही, तरी इथेही मी खोटं लिहिलं. १ जूनला बँकेचा मेसेज वाचून मी आधी कपाटातला दाखला काढून तारीख पाहिली. मी हसले ते नंतर.

आणि काल खिडकीवर त्या बेन नाही म्हणाल्या तेव्हा सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं. मग झंखनाकडे पाहिलं.

निळी फाइल गाडीतून उतरताना तिने माझ्याच हातात दिली. देवघराच्या कोपऱ्यात ठेवलीय, काट्यावर. सकाळपासून तिला तीनदा फोन केला. ती उचलत नाही.