ओल्या ठकीचं वजन

बोर्ली पंचतन,
मंगळवार

तीर्थस्वरूप कुमुदताईस,

धाकट्या महादेवचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर बरी असेल, चिरंजीव विहंगची नवी नोकरी टिकली असेल आणि उरणला तुमच्या इमारतीची लिफ्ट अजून बंदच असेल, असं धरून चालतो. (फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र.) हे बसून वाच. मी स्वतः कालपासून पायरीवर बसून आहे, इतका हादरलोय.

तीन महिन्यांपूर्वी तू तुझी मांजर माझ्याकडे सोडलीस, तेव्हा ठकी साडेसात किलोची होती आणि मागचा डावा पाय ओढत होती. पाच किलोवर आली की परत न्यायची, असं आपलं ठरलं. डॉक्टर तेजस्वीबाईंनी (वय अठ्ठावीस, पण मला शाळकरी पोरासारखं झापतात) सांगितलं, हिला पाण्यात चालवा, पाण्यात सांध्यांवर भार येत नाही. शहरात म्हणे त्यासाठी काचेच्या पेटीत फिरता पट्टा असतो. आपल्याकडे वाडीतला पाट. तर रोज सकाळी ठकीच्या पोटाखालून पंचा घालायचा, त्याची दोन टोकं धरायची आणि वाकून तिच्यामागून पाटाच्या पाण्यातून चालायचं, साठ पावलं जायला, साठ यायला. पहिल्या दिवशी ती पाण्यात बसली आणि माझ्याकडे अशी बघत राहिली की मीच ओशाळलो. दुसऱ्या दिवशी तिने पंचा फाडला. तिसऱ्या दिवशी मी शेवाळावरून घसरून आडवा झालो आणि ती माझ्या पाठीवरून चालत काठावर गेली. (डॉक्टरबाईंनी तेही व्यायामात धरलं.)

दर सोमवारी तिला तशीच निथळती पिशवीत घालून बाजारात न्यायचो, सुपारीचा व्यापारी चिराग, त्याच्या काट्यावर. आकडा त्याच्या बाजूला दिसतो, तो सांगेल ते वजन. आणि ते उतरत गेलं, ताई. पाटात पंजाभर पाणी होतं तेव्हा सात. मग मी बांध घालून पाणी वाढवलं, तेव्हा सहा. पोटाला पाणी लागायला लागलं तसं साडेपाच, आणि गेल्या सोमवारी चक्क पाच. तुला फोनवर आकडा सांगताना माझा ऊर भरून आला होता. तू लगेच म्हणालीस, रविवारी विहंगला गाडी घेऊन पाठवते.

काल पंप बंद होता, पाट कोरडा, म्हणून ठकीला कोरडीच नेली. चिराग म्हणाला, साडेसात. मी म्हटलं, काटा बिघडलाय तुझा. त्यावर तो शांतपणे म्हणतो, “काका, काटा बरोबर हाय. आज माल सुका हाय ना, म्हणून तूट नाय धरली.”

ओल्या सुपारीवर व्यापारी तूट धरतो, म्हणजे पाण्याचं वजन हाताच्या अंदाजाने वजा करून सांगतो, हे मला चाळीस वर्षं ठाऊक आहे. पण हा गृहस्थ दर सोमवारी पिशवीत हात घालून ठकीला दाबून बघायचा, ती मला माया वाटायची. ठकी जितकी भिजलेली, तितकी तूट जास्त. तीन महिने मी पाण्यात वाकून चाललो आणि ती ग्रॅमभर उतरलेली नाही. चिरागने मला स्टुलावर बसवून पाणी दिलं.

तेव्हा रविवारी विहंगला पाठवू नकोस. पाच किलो ठरलं म्हणजे पाच किलो.

तुझा,
महादेव

ता. क. पाय मात्र बरा झालाय. आज सकाळी ती पडवीच्या कौलांवर चढून बसली. डॉक्टरबाईंना व्हिडिओ पाठवला, तर म्हणाल्या, आता खुशाल घरी पाठवा.

ता. क. दुसरा. इतक्या व्यायामानंतर वजन उतरलं कसं नाही, हे तू विचारशीलच. दुपारी बांगड्याचा मधला तुकडा मी तिला देतो, रोज. नूतन गेल्यापासून समोर रिकामी जागा दिसली की मला घास उतरत नाही गं. बायकोच्या जागेवर मांजर बसवली म्हणून हसलीस तरी चालेल. रविवारी तू स्वतः जेवायला ये, पण ठकीला राहू दे.