डाव्या हातातली सुई

१४ ऑगस्ट २०२४, बुधवार

डावा हात गप्प झालाय.

सकाळपासून दहादा तरी उजवा तळवा मनगटावर ठेवून बघितला. काही नाही. दीड वर्ष तिथं थरथर होती — चालू मोटरीवर हात ठेवावा तशी. झोपताना तिथं हात ठेवायची सवयच लागली होती. थरथर लागली की वाटायचं, चला, उद्याचं बघू.

दोन्ही किडन्या गेल्या तेव्हा सर्जननी मनगटापाशी धमनी आणि शीर जोडून दिली होती. फिस्टुला. शीर फुगून जाड होते, मग डायलिसिसच्या जाड सुया तिच्यात जातात. मंगळवार, गुरुवार, शनिवार. पहिल्याच दिवशी बजावलं होतं — या हातात दुसरी सुई नाही, सलाईन नाही, रक्त काढणं नाही, बीपीचा पट्टा नाही. बांगडीसुद्धा घट्ट नको.

आणि सोमवारी धुळ्यात त्याच हातात सलाईन लावलं.

कानबाईच्या सणाला सोनगीरला गेले होते, माहेरी. सोमवारी पहाटेपासून उलट्या-जुलाब. दुपारपर्यंत उभं राहता येईना. भाऊ जितेंद्रने गाडी काढली, आई मागे मला धरून बसली, आणि दोघांनी धुळ्याच्या एका खाजगी हॉस्पिटलात नेलं. नवरा, प्रेमराज, इकडे जळगावला, दुकानात. मला आठवतं ते एवढंच — सिस्टर उजव्या हातात टोचतेय, शीर सापडत नाही. परत टोचतेय. चार वेळा. मग डोळ्यांपुढे अंधारी.

शुद्ध आली तेव्हा सुई डाव्या हातात, आणि वर दंडाला बीपीचा पट्टा.

मी ओरडले म्हणे. त्यांनी घाईघाईने काढलं. पण थरथर तेव्हाच नव्हती.

काल इथं डायलिसिसला गेले. नासीरभाई, आमचे टेक्निशियन, मनगटाला स्टेथोस्कोप लावून किती तरी वेळ ऐकत बसले. नंतर खाली बघून म्हणाले, "ताई, आज इथून नाही होणार." संध्याकाळी सर्जननी फिस्टुलात धरलेली रक्ताची गुठळी काढायचा प्रयत्न केला. निघाली नाही. आता डायलिसिससाठी मानेत नळी.

एक प्रश्न. फक्त एक प्रश्न विचारायचा होता त्यांनी. कुठला हात?

१५ ऑगस्ट

झेंडावंदनाला गेले नाही. मानेला पट्ट्या लावून पाचवी ब पुढे उभं राहायचं धाडस नाही. शाळेतून तीन फोन. उचलले नाहीत.

१९ ऑगस्ट, सोमवार

राखी बांधून घ्यायला जितेंद्र आला. आईने भरताची वांगी पाठवली — मला चालत नाहीत, प्रेमराजसाठी. ती रोज फोन करते आणि रडते. मी इकडून तिची समजूत घालते. आजारी कोण, तेच कळत नाही.

धुळ्याच्या डॉक्टरांना फोन लावला. तिसऱ्यांदा घेतला. सगळं ऐकून घेतलं आणि अगदी थंडपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही शॉकमध्ये होतात. आम्ही जीव वाचवला. फिस्टुला काय, परत होतो."

परत होतो! जसा काही फाटलेला ब्लाउज. यांना माहीत नाही का, की शरीरात अशा जागा मोजक्याच असतात? मनगट गेलं की कोपर, कोपर गेलं की दुसरा हात. मी एकेचाळीस वर्षांची आहे. मला अजून किती वर्षं हे काढायचंय. त्यातली एक जागा यांनी एका दुपारी संपवली आणि वर उपकार सांगतात.

जीव वाचवला हे खरं. ते मी नाकारत नाही. पण जीव वाचवताना विचारता येत नव्हतं?

२८ ऑगस्ट, बुधवार

आज धुळ्याला गेलो. केसपेपरची प्रत हवी होती. काउंटरवरच्या माणसाने आधी सांगितलं, साहेब नाहीत. मग म्हणाला, अर्ज द्या. अर्ज दिला तर म्हणाला, पुढच्या आठवड्यात या. प्रेमराज एरवी कोणाशी चढ्या आवाजात बोलत नाही. आज त्याने खुर्ची ओढली आणि म्हणाला, "आम्ही बसलोय. तुम्ही शोधा."

दीड तासाने मिळाली.

परतताना गाडीत वाचली. पहिल्याच ओळीत — किडनीचा आजार, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. खाली रेघ मारलेली, म्हणजे कोणीतरी मुद्दाम लक्ष वेधलं होतं. आणि पाच ओळी खाली त्याच शाईत — सलाईन, डावा हात.

म्हणजे माहीत होतं. लिहून ठेवलं होतं! डायलिसिसच्या बाईचा एक हात राखीव असतो, हे रेघ मारणाऱ्या माणसाला सुचू नये?

पारोळ्यापर्यंत मी बोलत होते. पारोळ्यानंतर प्रेमराज म्हणाला, "पाणी पी." दिवसाला किती पाणी चालतं ते त्याला माझ्याहून जास्त पाठ. तरी म्हणाला. दोन घोट घेतले.

३ सप्टेंबर, मंगळवार

डायलिसिस सुरू करून अर्धा तास झाला आणि थंडी वाजायला लागली. दात वाजत होते. नासीरभाईंनी तीन पांघरुणं टाकली आणि मशीन थांबवलं. नळीतून जंतू रक्तात गेले असतील म्हणाले. ॲडमिट.

५ सप्टेंबर

शिक्षक दिन. मुलांनी कार्डं पाठवली आहेत. ताप १०२.

६ सप्टेंबर

ताप उतरला. जुनी नळी काढून दुसऱ्या बाजूला नवीन घातली.

फिस्टुला असताना दीड वर्षात एकदाही ताप आला नव्हता. हे मला लिहून ठेवायचंय.

११ सप्टेंबर, बुधवार

तक्रार लिहिली. चार पानं झाली होती, प्रेमराजने दीड पानावर आणली. एक प्रत त्या हॉस्पिटलला, एक जिल्हा शल्यचिकित्सकांना.

पैसे मागितले नाहीत. तीन गोष्टी मागितल्या. चूक झाली हे लेखी कबूल करा. डायलिसिसचा पेशंट आला की सुईच्या आधी हात विचारायचा, बोलता येत नसेल तर दोन्ही मनगटं हाताने बघायची — हे सगळ्या सिस्टरना शिकवा. आणि त्या हाताला लाल पट्टी बांधा, कॉटवर पाटी लावा.

मी पाचवीच्या मुलांना गणितात चूक झाली तर काय सांगते? खोडू नको. शेजारी बरोबर करून दाखव. एवढंच मागतेय.

प्रेमराज म्हणाला, "तू आधी बरी हो." मी म्हटलं, मी बरी होणारी पेशंट नाहीये. तसं बोलायला नको होतं.

१९ सप्टेंबर, गुरुवार

काल उजव्या दंडात नवीन फिस्टुला केला. टाके दुखतात. अक्षर वाकडं येतंय. निदान दोन महिने तो वापरता येणार नाही, तोवर मानेतली नळीच. थरथर आहे, पण अगदी बारीक.

२५ सप्टेंबर, बुधवार

धुळ्याच्या डॉक्टरांनी बोलावलं होतं. वाटलं, चला, वाचलं तरी.

केबिनमध्ये चहा आला. मला चालतो का, हे त्यांनी विचारलं नाही. प्रेमराजने दोन्ही कप बाजूला सरकवले.

डॉक्टर म्हणाले, "तुमचं समाधान होईल असं करू. त्या सिस्टरला काढून टाकलंय."

मी म्हटलं, "हे मी मागितलं नव्हतं."

"मग अजून काय हवंय मॅडम?"

"पाटी हवी आहे. लाल पट्टी हवी आहे. बाकीच्या सिस्टरना शिकवायला हवंय. आणि लेखी."

"लेखी कसं देणार? वैयक्तिक चूक आहे ती."

दीड पान तक्रारीतल्या एकाही ओळीचं उत्तर नाही. एक बाई काढली आणि फाईल बंद!

बाहेर आलो तर ती सिस्टर जिन्यापाशी उभी होती. उरलेला पगार घ्यायला आली होती. मोनाली नाव. माझ्याच वयाची असेल, हातात शिवणाची पिशवी. मला बघून तिने पदर सारखा केला. मला वाटलं भांडेल. म्हणाली, "ताई, तुमचं बीपी साठवर आलं होतं. मला भीती वाटली." मग म्हणाली, "वॉर्डात मी एकटी होते. अठरा पेशंट. पण मी हात लावून बघायला हवं होतं, ते खरंच."

सहा आठवड्यांत चूक कबूल करणारं पहिलं माणूस. आणि त्यांनी तिलाच काढलं.

माझा राग आता आणखी वाढलाय, पण त्याची दिशा बदलली. उद्या डायलिसिसहून आले की दुसरं पत्र लिहिणार. हिला परत घ्या म्हणून.

२८ सप्टेंबर

पत्र टाकलं. आईला फोनवर सगळं सांगितलं — मोनाली, अठरा पेशंट, नोकरी गेली. फोन कट झाला वाटून मी दोनदा हॅलो म्हटलं.

२९ सप्टेंबर, रविवार

आई सकाळच्या एसटीने एकटी आली. सत्तर वर्षांची बाई, धुळ्याला गाडी बदलून. पायातल्या चपला न काढताच म्हणाली, "बेटा, ती सिस्टरनी नोकरी मनामुळे गई. मीच तिले सांगं. तुले चार डाव टोचं, माले देखवनं नई. मंग तुनी बाही वर सरकनी, डावा हात दिखना. मी सांगं, आठे लाव, आठे शीर मोठी शे. माले वाटनं, देवनीच दिधी."

‘इथे लाव’ म्हणून डावा हात आईनेच दाखवला होता. मग तिने विचारलं, "तो हात तसा शे, हाई तू माले कधी सांगं का नई?"

सांगितलं नव्हतं. तिला काळजी नको म्हणून दीड वर्ष मी सोनगीरला लांब बाह्यांचे ब्लाउज घालून जात होते.