पाच मिलिअँपिअरचा घोळ

प्रिय ताई,

तुझ्या पायांवर डोकं ठेवून (गुडघ्यांच्या सोयीसाठी मनातल्या मनात) पत्राला सुरुवात करतो. तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा चष्मा सापडला का? दोन्ही चौकश्या पाच महिन्यांपूर्वीच्या आहेत, कारण तुझा शेवटचा फोन तेव्हाचा. ही तक्रार नव्हे. तुझ्यामागे घर आहे, नातवंडं आहेत, आणि मी दर फोनला 'मजेत आहे, काही नको' एवढंच सांगून गप्प बसतो, त्यावर तू तरी काय बोलणार? आताही मजेतच आहे. फक्त ऑफिसात एक घोळ घालून बसलो आहे, तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय घास उतरत नाही, आणि 'कोणाला तरी' म्हटल्यावर तुझ्याखेरीज दुसरं कोणी आठवलं नाही (दहा मिनिटं आठवून पाहिलं).

माझी चाचणीची खोली तळघरात आहे हे तुला ठाऊक आहेच. खिडकी फुटपाथच्या उंचीला, त्यामुळे दिवसभर लोकांचे बूट तेवढे दिसतात (काहींना मी आता ओळखतो, एक तपकिरी जोडी हल्ली लंगडते, तिची काळजी वाटते). पूर्वी आम्ही इथे चौघं होतो. दोघं निवृत्त झाले, तिसऱ्याला वरच्या मजल्यावर जागा मिळाली, आणि मी 'तळघरवाले काका' होऊन उरलो. सध्या तपासायला एका नव्या धाटणीचा डबा आला आहे, त्याचे एकोणीस नग. हा नेटवर्कच्या वायरीतूनच वीजही पुरवतो, म्हणजे छताला टांगलेल्या कॅमेऱ्याला वेगळा प्लग नको. पण डबा भारी शिष्ट. उठसूट कोणाला वीज देत नाही. आधी वायरीत किंचित दाब सोडून पलीकडे वीज घेणारं खरोखरच कोणी आहे का ते चाचपतो, मग किती लागणार ते विचारतो, आणि मगच हात सैल सोडतो. थोरल्या आत्याकडे साखर मागायला गेल्यावर अगदी हेच व्हायचं. चाचणीसाठी आम्ही कॅमेरे टांगत बसत नाही. चिप बनवणाऱ्या कंपन्या हिरव्या पाट्या पाठवतात, त्यांना इव्हॅल्युएशन बोर्ड म्हणतात. ही पाटी डब्यापुढे कॅमेऱ्याचं सोंग आणते, आणि तिने किती वीज खायची ते एक गोल बटण फिरवून आपण ठरवायचं.

आता घोळ. मी ते बटण फिरवून अगदी खाली आणून ठेवलं. पाच मिलिअँपिअर, म्हणजे जवळजवळ उपासच. का, विचारशील तर जुनी खोड. आपल्याला ज्या आईने वाढवलं, तिने दुसऱ्याच्या घरी 'पुरे' म्हणायला आधी शिकवलं आणि जेवायला नंतर. कोणाकडून काही घ्यायचं झालं की माझा हात आपोआप आखडतो, मग तो पत्र्याचा डबा का असेना. झालं असं, की डब्याने वीज दिली, पाटीवरचा दिवा लागला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत विझला. पुन्हा लागला, पुन्हा विझला. मी दुसरा डबा लावला, तिसरा लावला, असे एकोणीस डबे लावले आणि एकोणीसच्या एकोणीस नापास केले. अहवालात 'डब्याची रचनाच सदोष' असं ठसठशीत लिहून खाली दोन रेघाही मारल्या. एकतीस वर्षांचा अनुभव, दुसरं काय.

अहवाल वर गेला आणि सोमवारी सकाळी तो डबा जिने आखला ती तिसऱ्या मजल्यावरची डिझाइनवाली आपला चहाचा मग घेऊन खाली आली. तिशीची असेल. शुक्रवारी चारच्या आत दोष सापडला नाही तर डबा कायमचा बासनात, असं साहेबांनी तिला बजावलं होतं. दोन वर्षं खपली होती बिचारी त्यावर. तिने वायरी बदलल्या, जोड तपासले, भिंग लावून एकेक कोपरा पाहिला. माझी मांडणी मात्र तपासली नाही, कारण ती काकांची. काम करता करता ती बोलायची. मी स्वयंपाक स्वतः करतो का, मीठ कोण चाखतं, असं काहीबाही विचारायची. लंगड्या बुटाचं सांगितलं तर इतकी हसली की भिंग खाली ठेवावं लागलं. ताई, त्या खोलीत कोणी हसल्याला किती दिवस झाले होते ते मी मोजू लागलो आणि मध्येच सोडून दिलं.

मंगळवारी दुपारी ती मीटिंगला गेली तेव्हा मी सहज पाटीसोबतची पुस्तिका उघडली (एकतीस वर्षांत पहिल्यांदा). सातव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं, की पलीकडून निदान दहा मिलिअँपिअर तरी ओढले गेले पाहिजेत. त्याहून कमी झाले की डबा समजतो, वायर काढून घेतली, कोणी उरलं नाही, आणि वीज तोडतो. डब्यात दोष नव्हता. मी इतकं थोडं मागितलं की त्याच्या हिशेबी मी तिथे नव्हतोच. एवढ्यात जिन्यावर तिची पावलं वाजली, आणि मी पुस्तिका खणात घातली. बुधवारी बोललो नाही. गुरुवारीही नाही. उलट भांडारातून तिच्यासाठी एक बरी खुर्ची मागवून घेतली. तुझ्यापासून काय लपवायचं, मला ती खोलीत हवी होती, एवढंच.

शुक्रवारी ती आली तेव्हा डोळे सुजलेले होते. काही सापडलं नाही म्हणाली आणि वायरी गुंडाळायला लागली. ते मात्र बघवेना. मी उठून बटण फिरवलं. दिवा लागला तो लागलाच राहिला. मग पुस्तिका तिच्यापुढे ठेवली आणि कधीपासून माहीत होतं तेही सांगितलं.

"मंगळवारीच कळलं होतं?" तिने विचारलं.

"हो."

"मग बोलला का नाहीत, काका?"

"तू वर निघून गेली असतीस."

तिने आपला चहाचा मग उचलला आणि ती वर गेली. तिचं चुकलं असं मी म्हणत नाही. एकोणीसही डबे पास झाले. नव्या अहवालात मी दोष माझ्या नावावर घातला, दोन रेघांसकट. साहेब नुसते 'होतं असं' म्हणाले. ती त्यानंतर खाली आलेली नाही. खुर्ची भांडाराला परत करायची आहे, करीन.

तर हे असं. काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार, नातवंडांना गोड पापे.

तुझा धाकटा

ता. क. वर दोन ठिकाणी 'मजेत' असा शब्द आला आहे. दोन्हीकडे तो नाही असं समजून वाच. कागद खराब दिसेल म्हणून खोडला नाही.

ता. क. २. दर वर्षी मी दोन दिवसांसाठी येतो आणि तुला त्रास नको म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारीच निघतो. ताई, या खेपेला महिनाभर येऊ का? रजा मंजूर झाली आहे. साठलेल्या रजांचा आकडा बघून साहेबच हबकले.

ता. क. ३. 'ये' म्हणायचं असेल तर दोन ओळी लिहून टाकल्यास तरी चालेल. 'नको' म्हणायचं असेल तर मात्र फोन कर, आणि जरा वेळ लावून सांग.