मागे राहिलेली पात

९ नोव्हें., रवि.
दिवाळीची सुट्टी केव्हाच सरली. आदिलाबादचं कॉलेज सुरू झालं, आपली नात प्रणाली अजून नार्नूरलाच. खाटेवर पडून मोबाइलवर खेळते. जेवायला तीनदा हाक मारावी लागते. सूनबाई म्हणते, मोबाइल विहिरीत टाकते. टाकला आणि पोरीनं काही करून घेतलं तर? बी.पी.ची गोळी घेतली.

११ नोव्हें., मंगळ.
तिच्याजवळ बसलो, म्हटलं दाखव तुझा खेळ. एका बाजूला चौघं. बाकीच्या तिघांचं तोंडही तिनं कधी पाहिलं नाही. त्यातला एक पडला. ही झाडीत सुखरूप होती, तरी गोळीबारात माघारी गेली, गुडघे टेकून त्याला उठवू लागली. खेळात दोघंही मेली.
"काऊन गेली माय? वाचली असती ना."
"एकटा पडला होता तो, आबा."
निंदणाला असंच. जिची पात, वाट्याची ओळ, आधी संपते ती बाई धुऱ्यावर, बांधावर बसत नाही, मागे राहिलेलीच्या पातीला समोरच्या टोकापासून निंदू लागते. ही कधी निंदायला गेली नाही. हिला हे कोणी शिकवलं? दिवसभर मनात तेच. मोठ्या मनाची पोर.
पण हिच्या पातीला समोरून कोण...

१२ नोव्हें., बुध.
विचारलं, तिथं हॉस्टेलवर कोणी नाही का तुझं? म्हणाली, माझं तेलुगू ऐकून हसतात. ताट खोलीत आणून जेवते. खेळात कोणी हसत नाही.
दुपारी माझ्या फोनवर हॉस्टेलात तिच्या खोलीत राहणारी लावण्या बोलली. प्रणाली उचलत नाही म्हणून. सोमवारी प्रॅक्टिकल, नाही बसली तर वर्ष जाईल. माझं तेलुगू भाजीबाजारातलं, भाव सांगण्यापुरतं. 'रा अम्मा, रा', ये बाई ये, एवढंच नीट बोललो. प्रणालीला सांगितलं नाही. चिडेल का?

१५ नोव्हें., शनि.
लावण्या आली! उतनूरला बस बदलून. प्रणाली ऐन खेळात. दारात तिला पाहिलं, मोबाइल खाटेवर टाकून उठली. त्यातून कोणीतरी हिंदीत 'उठाओ, उठाओ' म्हणत राहिला. मलाच त्याची कीव आली.
संध्याकाळी दोघी वालाच्या शेंगा तोडायला. लावण्याचं मराठी ऐकून प्रणाली हसली. लावण्याही हसली. किती दिवसांनी हे हसणं ऐकलं.
रात्री झोपायला जाता जाता लावण्या मला म्हणाली, "कमरे में मैं भी अकेलीच है, ताता." ताता म्हणजे आजोबा. परक्या गावात एवढ्यासाठी आली. धन्य तिची.

१६ नोव्हें., रवि., सकाळ
लावण्या पहिल्या बसनं निघते. प्रणाली तिच्यासोबत जाणार का? विचारायचा धीर होत नाही. आंघोळीला गेली आहे. मोबाइल खाटेवर वाजून राह्यला.
वालाच्या शेंगा दोघींपुरत्या बांधल्या. सूनबाई म्हणते, "मामाजी, एकटी पोर एवढं ओझं कशी नेईल? अर्धं काढा."
मी गाठ सोडली नाही.