डाव्या इंजिनाची तार

१३ जानेवारी १९४७
सेलू स्टेशनावर गाडी तीन तास उशिरा पोचली, तरी आज माझं मन भलतंच खुशीत आहे. कंपनीने छकडा पाठवला होता. हाकायला खुद्द फिटर भुजंग. मेंढरं वळणाऱ्या घरातला गडी, पण लढाईच्या काळात इंजिनं खोलायला शिकला. देवगाव फाटा मागे पडला आणि ज्वारीच्या रानात एकाएकी पत्र्याची टोलेजंग शेड दिसली, समोर मातीची धावपट्टी. गोऱ्यांनी मोडीत काढलेली विमानं इथे दुरुस्त होतात आणि प्रवासी कंपन्यांना जातात. मी विचारलं, लोक भीत नाहीत का विमानाला? भुजंग म्हणाला, "आता कशाचं भ्या साहेब, मेंढरंबी मान वर करून बघायली न्हाईत."

संध्याकाळी मॅनेजर दिनकरराव यांनी हुरड्याला नेलं. सोबत लसणाची चटणी. इतका खाल्ला की वाकवेना. बंगळूरला चार वर्षं दुसऱ्यांच्या सह्यांची वाट बघण्यात गेली. इथे मीच तपासनीस. माझ्या सहीशिवाय विमान हलणार नाही.

१५ जानेवारी
शेडमध्ये एकच विमान आहे आणि तेही जवळपास तयार. मला फक्त तपासून कार्डावर सही करायची आहे. एक तारखेला ते प्रवाशांसाठी द्यायचं, म्हणून दिनकरराव घायकुतीला आलेत. इथला एक नियम मला फार आवडला. जो सही करतो त्याने पहिल्या चाचणीत विमानात बसायचं, आणि ज्याने काम केलं त्या फिटरनेही. सगळीकडे असा नियम असता तर निम्म्या सह्या झाल्याच नसत्या.

डाव्या इंजिनाच्या तेलाच्या नळीवर एक नट आहे. तो सैल होऊ नये म्हणून त्याला बारीक तार पिळून बांधतात. ती सुटलेली होती. मी स्वतः पक्कड घेऊन बांधली. क्षुल्लक काम.

१८ जानेवारी
तार पुन्हा सुटली. तुटली नाही, व्यवस्थित पीळ उलगडून सोडली आहे. भुजंगला फैलावर घेतलं. तो म्हणाला, "बिरोबाची आन साहेब, हात न्हाई लावला." चेहरा खरा वाटला, म्हणून जास्तच राग आला.

२० जानेवारी
चौथ्यांदा बांधली. रोज दुपारच्या जेवणानंतर सुटलेली असते. ती नळीच काढून बघावी असं मनात आलं. पण नळी एका पट्टीखाली घट्ट बसवली आहे. पट्टी खोलायची म्हणजे जुनं कार्ड रद्द, नवं कार्ड, त्याला हैदराबादची मंजुरी, मंजुरीसाठी उर्दूत अर्ज, तोही तीन प्रतींत. अर्ज पाठवला. परत येईपर्यंत माझी दाढी पिकेल. तोवर नवी तार बांधत बसायचं. यासाठी शिकलो का मी?

२२ जानेवारी
आज जेवायला गेलोच नाही. सगळे गेल्यावर शिडीवर बसून राहिलो, नट डोळ्यांसमोर हातभर अंतरावर. भर बारा वाजता, लख्ख उजेडात. पत्रा तापून तडतडत होता. 

तारेचा एक पीळ सुटला. मग दुसरा. सावकाश, नीट, सवय असलेल्या माणसाने सोडावा तसा. शेवटी तार सरळ होऊन खाली पडली. पक्कड माझ्या मांडीवर होती. शेडमध्ये दुसरं कोणीही नव्हतं.

२३ जानेवारी
दिनकररावांना सांगितलं. म्हणाले, हादऱ्याने सुटत असेल. इंजिन बंद आहे हो! बंद इंजिनाला कसले हादरे? त्यावर त्यांनी चहा मागवला.

शेडमध्ये पाणी भरणारी कासाबाई ऐकत उभी होती. बाहेर आल्यावर तिने सगळं सांगितलं. माझ्याआधीचा तपासनीस चंद्रभान हा तिचा मुलगा. गेल्या दिवाळीत याच विमानावर त्याने सही केली. चाचणीत डावं इंजिन बंद पडलं आणि विमान गंगाखेडजवळ गोदावरीच्या वाळूत घसरलं. चंद्रभान गेला. पायलटची चूक असं कागदावर लागलं. विमान इथे आणून ठोकूनठाकून रंगवलं. मला कोणीही सांगितलं नव्हतं, एकानेही नाही.

बाई रडली नाही. मला म्हणाली, "माझं लेकरू काम मोडायलं न्हाई साहेब. सही करू नका म्हनायलंय तुमाला."

२५ जानेवारी
सही करणार नाही म्हणून सांगितलं. दिनकरराव शांतपणे म्हणाले, मग हैदराबादहून दुसरा माणूस येईल आणि तुमच्या शेऱ्यात लिहावं लागेल की हा तपासनीस भुताला भिऊन पळाला. मग कोणती कंपनी मला उभं करील?

अर्ज मंजुरीविना परत आला. एका प्रतीवर शिक्का राहिला होता.

सात वेळा तार बांधली, सात वेळा सुटली. मेलेल्या माणसावर रागावता येतं हे आज कळलं. अरे, सांगायचं तर धड सांग! तार, तार, तार. तार तर नवीकोरी आहे. नटही चांगला आहे. तुला हवंय तरी काय?

२७ जानेवारी
सही केली.

सकाळी आठव्यांदा तार बांधली होती, ती बघायला शिडीवर चढलोदेखील नाही. इंजिनाकडे बघून मोठ्याने म्हणालो, आता सोड किती सोडायची ती. आणि केली सही.

माझ्याखाली भुजंगने सही करायची होती. त्याने लेखणी हातात धरून विचारलं, "तुमी पाह्यलं ना साहेब सगळं? मंग झालं." मी हो म्हणालो. 

मी हो म्हणालो.

२८ जानेवारी
तार जागेवर. सकाळी, दुपारी, संध्याकाळी तीनदा बघितलं. एक पीळही हललेला नाही.

जिंकलो म्हणावं तर जेवण जात नाही. कासाबाई पाण्याला आली नाही. भुजंग नवा सदरा घालून फिरतोय, घरी सांगून आलाय की उद्या वरून वस्तीवर नजर टाकणार. त्याला नको म्हणावं — पण नियम. कार्डावर त्याचं नाव आहे. माझ्या शब्दावर आहे.

२९ जानेवारी, विमानात
चाचणीचे आकडे याच वहीत लिहितो.

९.४० — उड्डाण. तेलाचा दाब दोन्हीकडे ठीक.

९.५० — ठीक. खाली दुधना नदी. भुजंग खिडकीला नाक लावून बसलाय.

१०.०५ — डावीकडे दाब उतरतोय.

१०.०९ — आणखी. इंजिनाच्या कडेने तेलाचा ओघळ. तार शाबूत आहे, नट घट्ट आहे. तेल पट्टीखालून येतंय. नळी चिरलीय, पट्टीखाली. तो तार सोडत होता ती मी नळी काढून बघावी म्हणून. आणि मी रोज पुन्हा बांधत —

१०.११ — नळीच्या खालीच इंजिनाचं तापलेलं धुराडं. तेल त्यावर पडलं तर पेट घेईल. पायलटला सांगितलं. धावपट्टी दहा मिनिटांवर.

भुजंग विचारतोय, पाह्यलं होतं ना साहेब. मी दाबाचा काटा बघतोय.

१०.१३ — दाब वर येतोय. ओघळ थांबला. कसा —

१०.१४ — इंजिनापाशी माणूस आहे. पंखावर ओणवा, दोन्ही तळवे नळीवर दाबून. सदरा वाऱ्याने हलत नाही. भुजंग ओरडला, "चंद्रभान!"

१०.१६ — धरून आहे. तळव्यांतून धूर येतोय. माझ्याकडे बघतोय. राग नाही चेहऱ्यावर. राग असता तर बरं झालं —

१०.१८ — देवगाव फाटा दिसतो. तीन मिनिटं. धर रे बाबा. माझ्यासाठी नको, भुजंगसाठी तरी —

१०.१९ — त्याचा एक हात जळून संपला. दुसऱ्या हाताची बोटं —

भुजंगने माझा दंड धरलाय. पुन्हा तेच विचारतोय. आता सांगतो त्याला, मी बघितलं नव्ह—